आप्पांनी मोडलेला कान

माझा डावा कान मोडलेला आहे. लोकांना वाटतं, कुस्तीत मोडला. मीही तसंच सांगतो, कारण खरं सांगायला बसलं की समोरच्याचा चहा गार होतो. हा कान आमच्या घराच्या पायरीवर मोडला, संध्याकाळच्या वेळी, आत आई भाकरी थापत असताना. मोडला माझ्या वडलांनी. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

सध्या मी कारेगावात राहतो आणि एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. इथला माझा न्हावी उत्तर प्रदेशचा. दर वेळी कानामागं वस्तरा नेला की त्याचा हात अडखळतो. "पहलवान, दर्द तो नहीं होगा?" मी म्हणतो, बिनधास्त चला भय्या, त्याला काही कळत नाही. खरंच कळत नाही. चिमटा काढा, टोचा, काहीही करा. तळव्याला घट्टा पडतो ना, तसा सगळा कानच झालाय.

आमचं गाव वरवंडपासून आत, शेताशेतानं गेलं की लागतं. आप्पा फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले. त्यांचे वडीलही फौजेतच होते. आमच्या पुढच्या खोलीत दोघांचे वर्दीतले फोटो शेजारी शेजारी आहेत आणि त्याच ओळीत पुढं एक रिकामा खिळा. तो खिळा आप्पांनी मी शाळेत असतानाच ठोकून ठेवला होता. आपल्या देशात फौज सक्तीची नाही म्हणतात. आमच्या घरात होती. थोरल्या भावाला लहानपणीच चष्मा लागला, तो सुटला. राहिलो मी. मला काय व्हायचंय, हे मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही. सकाळी उठून दात घासायचे असतात, तसं मोठं झाल्यावर फौजेत जायचं असतं, एवढंच.

कुस्ती मात्र मला आवडायची. गावच्या तालमीत मी लहानपणापासून जायचो. वस्ताद म्हातारे होते, तोंडाचे फाटके, पण हाताचे मायाळू. जत्रांचे दिवस आले की आम्ही गावोगावच्या हगाम्यांना जायचो. हगामा म्हणजे जत्रेतली कुस्त्यांची दंगल. दौंड तालुका संपला की शिरूरची गावं सुरू. हलगी वाजायला लागली की माझ्या पोटऱ्या आपोआप उडायच्या. तेवढं एक सुख मी आयुष्यात चाखलंय, नाही कशाला म्हणू.

तर अडचण अशी होती की माझे कान सरळ होते.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हगाम्यात जोड लावताना पंचमंडळी आधी पोराची छाती बघतात, मांड्या बघतात, आणि मग कान. कान मोडलेला म्हणजे पोरगं मातीत लोळलंय, डोक्याला डोकं घासून लढलंय. कान सरळ म्हणजे अजून दूध पितं. मी कुस्त्या मारायचो, तरी मला नारळावरच्याच, म्हणजे बक्षिसाला नुसता नारळ असलेल्या कुस्त्या मिळायच्या. एकदा शिरूरकडच्या एका हगाम्यात पंच आप्पांसमोरच म्हणाला, "फौजी, पोराचं कान तर पाव्हन्यासारखं हायती! जरा मातीत घाला की त्याला." भोवतीचे सगळे हसले. आप्पाही हसले. पण घरी आल्या आल्या त्यांनी माझे दोन्ही कान चिमटीत धरून बघितले.

आप्पांच्या डोक्यात दुसरंही काहीतरी होतं. त्यांच्या पलटणीत मोडक्या कानांचे दोन-तीन पैलवान होते म्हणे. त्यांना ड्यूटी कमी आणि दूध-अंडी जास्त. साहेब लोक त्यांच्याशी हसून बोलायचे. आप्पा सांगायचे, "फौजेत पैलवानाला लई मान. कान बघूनच वळखत्यात." म्हणजे कान मोडला की हगाम्यातली जोडही चांगली लागणार आणि फौजेचं दारही उघडणार, असा त्यांचा सरळ हिशोब.

दुसऱ्या दिवशीपासून कान मळणं सुरू झालं. मी तालमीतून आलो की आप्पा पायरीवर बसायचे, मला खालच्या पायरीवर गुडघ्यांत धरायचे, तळहाताला तालमीतली माती लावायचे आणि कान मळायचे. मधूनमधून मूठ मारायचे. हे काही त्यांनी शोधून काढलं नव्हतं, तालमीतली अर्धी पोरं आपापले कान चोरून घासायची. पण वस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी घरी येऊन आप्पांना सांगितलं, "फौजी, ह्ये हातानं करायचं काम न्हाई. मोडायचा तवा मोडंल." आप्पा म्हणाले, "तुमी चा घ्या." वस्तादांनी चहा घेतला आणि गेले.

उजवा कान चिवट निघाला. डावा फुगला. आत रक्त साकळलं आणि कान वांग्यासारखा झाला. मला ताप भरला. आईनं आरडाओरडा केला तेव्हा आप्पा मला मोटरसायकलवर बसवून दौंडला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त आत्ताच्या आत्ता काढून टाकतो, पट्टी घट्ट बांधतो, कान पहिल्यासारखा होईल. आप्पा म्हणाले, "पयल्यासारखा नकोच हाय आमाला." रक्त काढलं की कान बसतो, मग एवढे दिवस मळला तो फुकट, म्हणून आप्पांनी नुसत्या गोळ्या घेतल्या आणि मला परत आणलं.

मग कान पिकला. पू आला, आतपर्यंत गेला. त्या दिवसांचं मला फार आठवत नाही. उशीला वास यायचा, आई कापूस बदलायची आणि आप्पा दारात उभे असायचे, एवढं आठवतं. बरा झाला तेव्हा कान दगडासारखा घट्ट झाला होता आणि आतमध्ये लांबवर विहिरीवरची मोटर चालू असल्यासारखा आवाज यायचा. तो अजून येतो. आप्पांनी कान हातानं चाचपून बघितला आणि आईला म्हणाले, "झाला बघ पैलवान!" त्या संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांना पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पुढचे हंगाम माझे चांगले गेले, खोटं कशाला बोलू. कान बघून जोडी लागू लागल्या. हगाम्यांना बोलावणी यायला लागली, पोस्टरवर फोटो यायचा, तोही डाव्या बाजूनं काढलेला. घरचा खुराक माझ्याच कमाईवर निघायचा. मधूनच कधी मान झटकन वळवली की माती गर्रकन फिरायची. मी ते कोणाला सांगितलं नाही. पैलवान चक्कर येते म्हणून सांगत हिंडला तर त्याच्याशी कोण लढणार?

भरतीचं वय संपत आलं. आता भरती चार वर्षांची झाली आहे. आप्पांना ते काही रुचलं नव्हतं, पण ते म्हणायचे, "चार तर चार. अंगाव वर्दी चढली म्हंजी झालं." माझी ती शेवटचीच संधी होती. परीक्षा पास झालो. ग्राउंडला तर मी असा पळालो की बरोबरची पोरं माझ्या पाठीकडंच बघत राहिली. आप्पांनी खिळ्यावरची धूळ पुसली. हे मी थट्टेनं सांगत नाही, आईनं बघितलं.

मेडिकलला डॉक्टर भला माणूस होता. बॅटरी घेऊन कानात बघत राहिला, मग दुसऱ्याला बोलावलं. "कान कैसे टूटा?" मी म्हणालो, "कुश्ती में, सर." तो म्हणाला, कानाचं भोक आतून आवळलंय, पडदा दिसतच नाही. मोठ्या हॉस्पिटलात तपासून घ्यायला सांगितलं.

त्या तपासणीच्या दिवशी आप्पा बरोबर आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर पदकं, पायात पॉलिश केलेले बूट. म्हणाले, "फौजीचं पोरगं हाय ह्ये त्यांना दिसाया पायजे." त्यांना आत सोडलं नाही. ते बाहेर झाडाखाली ताठ उभे राहिले, बाकडं रिकामं असून.

मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं पटापट झालं. मग काचेपलीकडच्या बाईंनी बोटानं खूण केली, आता डावा. मी बसलो. माझी मोटर चालू होती, बाकी काही नाही. बाई माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आत्ता वाजलं असेल, म्हणून दाबलं. मग वाटलं, फारच गप्प बसलो, म्हणून परत दाबलं. बाईंच्या तोंडावरून कळलं की तेव्हा काहीच वाजलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. मी बटण मांडीवर ठेवून दिलं.

बाहेर आलो. आप्पांनी विचारलं, "काय म्हनलं?"

"न्हाई घेत."

"कशापाई?"

मी कानाकडं बोट दाखवलं. ते त्या कानाकडं बघत राहिले. मग त्यांनी पदकं काढली, रुमालात बांधली आणि खिशात घातली. येताना मोटरसायकल मी चालवत होतो, ते मागं. कासुर्डीच्या पुढं एका रसवंतीवर थांबलो. रस प्यायलो. उसाच्या चोथ्यावर माश्या बसत होत्या, त्या मी बघत होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. निदान आप्पांचा राग तरी यायला हवा होता. काहीसुद्धा आलं नाही. च्यायला, आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढाच विचार डोक्यात होता, आणि तोही रसाचा ग्लास रिकामा झाल्यावर संपला.

कुस्तीही फार टिकली नाही. त्याच वर्षी शिरूरच्या हगाम्यात सुरुवातीची हाताला हात लावायची खडाखडी झाल्यावर समोरच्यानं नुसता मानेवर हात टाकला आणि आभाळ पायाखाली आलं. त्यानं डावसुद्धा लावला नव्हता. मी आपला आपणच पाठीवर पडलो. हलगी थांबली. लोकांना वाटलं, कुस्ती विकली. शिव्या दिल्या. मी लंगोटावर तसाच बाहेर येऊन बसलो आणि वस्तादांनी माझ्या अंगावर टॉवेल टाकला. त्यानंतर मी मातीत उतरलो नाही.

मग ही गेटवरची नोकरी. हिला वर्दी आहे, निळी. टोपी आहे, शिट्टी आहे. गाडी आली की सलाम ठोकायचा. आप्पा एकदाही गेटवर आले नाहीत. मीही सुट्टीला गावी जाताना वर्दी इथंच खुंटीला टांगून जातो. घरातल्या त्या खिळ्यावर आई आता दळणाची पिशवी अडकवते.

आप्पा थकलेत. गुडघे गेले, पायरीवर बसतात ते उठायला हात द्यावा लागतो. सुट्टीला गेलो की संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसतो. ते नेहमी माझ्या डाव्या अंगाला बसतात. ते माझ्या उजवीकडं येतील असा मी बसलो तर म्हणतात, "हिकडं वारं लागतं," आणि सरकत सरकत परत माझ्या डावीकडं येतात. मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याचा हट्ट.

दिवाळीनंतर गेलो होतो तेव्हा आसपास शांत होतं. लाईट गेलेली, सगळ्यांच्या मोटरी बंद. आप्पा समोर बघत, तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. त्या कानाला हेडफोनमधली शिट्टी ऐकू येत नाही, पण इतक्या जवळून, इतक्या शांततेत माणसाचं बोलणं थोडं थोडं येतं. हे आप्पांना माहीत नाही. उजवा कान तर चांगलाच आहे, पण मी पलीकडं तोंड करून बसलोय, माझं लक्ष नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"मीच क्येलं रं," ते म्हणत होते. "वस्ताद नको म्हनला. डाक्टर नको म्हनला. मीच तुझं वाटुळं क्येलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं, जाऊ द्या आप्पा. पण ते बाहेर निघेना. कारण जाऊ द्या म्हणायला आधी काहीतरी धरून ठेवलेलं असावं लागतं, आणि माझ्या हातात तर काहीच लागत नव्हतं. शेवटी मी उजवा कान त्यांच्याकडं वळवला आणि म्हणालो, "काय म्हनला, आप्पा?"

ते दचकले. "काय न्हाई," म्हणाले. "दूध पिऊन जा."

तेव्हापासून दर सुट्टीला हे असंच चाललंय. ते डावीकडं बसतात आणि तेच बोलतात. मी ऐकतो. आता मी काय म्हनला म्हणून विचारत नाही, कारण विचारलं की ते थांबतात.

गेल्या खेपेला त्यांचं बोलून झालं. मी डोळे तिरके करून बघितलं. त्यांचा हात माझ्या कानावर होता. अंगठ्यानं ते कान चोळत होते, हळू, दुखू नये म्हणून. मला काही कळत नव्हतं. कधीपासून हात ठेवला होता, तेही माहीत नाही. मी मान हलवली नाही.