मंडईला न्यायची यंत्रं

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवतं आणि त्या दिवशी गावात दुकानं, नाचगाण्याची दंडार, नाटक आणि घरोघरी पाहुणे असतात. आजचा यजमान परवा पाहुणा होतो. या व्यवस्थेत माणूस महिनाभर घराबाहेर राहू शकतो आणि लॉजच्या गादीला पाठही लावावी लागत नाही. जगात याला स्वस्तातली भटकंती म्हणतात आणि ती शिकवणारे गुरूही असतात. आमच्याकडे याला पाहुणपण म्हणतात आणि ते कोणी शिकवत नाही.

यंदा आईने जाहीर केलं की तिला सगळ्या नातलगांकडे जाऊन यायचंय. सगळे म्हणजे सिंदेवाहीकडचा मामा, आरमोरीची मामेबहीण, वाटेतले लहानमोठे अनेक, आणि शेवटी आलापल्लीच्या पुढे हेमलकशाच्या वाटेवरची धाकटी मावशी. मधली नावं तोंडी लावायला होती हे बायकोच्या आणि माझ्या लगेच लक्षात आलं. आईला जायचं होतं मावशीकडे.

मावशीचे यजमान जंगल खात्यात होते. नोकरी संपली तरी त्यांनी ते गाव सोडलं नाही, आणि ते गेल्यावर मावशीनेही सोडलं नाही. बहिरेपण हे या दोघी बहिणींच्या माहेरचं देणं. आधी आईला आलं, मागून मावशीला. गेली काही वर्षं त्यांचं फोनवरचं संभाषण असं चालायचं की इकडून आई 'काय?' म्हणायची आणि तिकडून मावशी 'काय?' म्हणायची. मग इकडे मी आणि तिकडे मावसभाऊ फोन हातात घ्यायचो आणि तब्येत, पाऊस, धान असा अहवाल एकमेकांना द्यायचो. दोन्ही बाजूंचे वकील बोलत आणि पक्षकार बाजूला बसून राहत.

"समोर बसून बोलाचं हाये मले तिच्यासंग," आई म्हणाली. "हे वय असं हाये का पुढच्या सालाचं कोनी सांगू नये."

त्यासाठी लागणारं यंत्र घरात होतं. उन्हाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी आईला एका बंद खोलीत बसवून नाना प्रकारच्या शिट्ट्या ऐकवल्या, संगणकावर आलेख काढला आणि त्या आलेखाबरहुकूम श्रवणयंत्रांची जोडी दिली. जोडी एका पांढऱ्या डबीत राहायची. डबीत ठेवली की चार्ज होते, बाहेर काढली की दिवसभर चालते. आईने ही डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती आणि चांगल्या लुगड्याप्रमाणे ती रोज वापरत नसे. आमच्या चंद्रपुरात ऐकण्यासारखं काय आहे, असं तिचं मत.

एस.टी.ने जायचं, सामान तिघांत दोनच पिशव्या, कारण आईच्या गुडघ्यांमुळे तिचा एक हात माझ्या खांद्यावर राहणार. तेव्हा कोणती यंत्रं न्यायची हा प्रश्न आला. पुण्याच्या भाच्याने त्याबाबत फोनवर मार्गदर्शन केलं. त्याने कुणा गोऱ्या प्रवाशाचा व्हिडिओ पाठवला होता. तो इसम एकाच पिशवीवर पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि मोह सोडण्यावर बोलतो. पिशवी उघडल्यावर आत लंगोट दोन आणि वायरी चाळीस निघाल्या. पूर्वी संन्यासी कमंडलू घेऊन निघत. याच्या कमंडलूला तीन प्रकारच्या पिना होत्या.

तरी मीही मोहात पडलोच. बाजेवर सगळं मांडलं. लॅपटॉप, कॅमेरा, पॉवर बँक, छोटा स्पीकर, डोक्याला बांधायची बॅटरी, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि माझं पुस्तकं वाचायचं यंत्र, ज्यात निवृत्तीनंतर वाचायचं म्हणून शेकडो पुस्तकं भरून ठेवली आहेत. समोर आई न्यायाधीश होऊन बसली. मी एकेक वस्तू उचलायची, ती काय करते ते ओरडून सांगायचं, आणि आईने निकाल द्यायचा. तिचा प्रश्न एकच असे: "हे तिथी कोनाच्या कामी येईन?"

लॅपटॉप कोणाच्याही कामी येत नव्हता, तो गेला. कॅमेरा गेला, कारण फोटो फोनमध्ये निघतात आणि तसेही मामाकडचे लोक फोटोत डोळे मिटतात. स्पीकरजवळ आई थांबली. आवाज मोठा होतो का, लांब जातो का, हे दोनदा विचारून तिने तो पिशवीत टाकला. बॅटरी स्वतः डोक्याला बांधून पाहिली आणि पास केली. एक्स्टेन्शन बोर्डाला किती भोकं आहेत ते मोजलं. मला वाटलं, ऐंशीला टेकलेली बाई, कधी नव्हे ती लांबच्या प्रवासाचा इतका बारीक विचार करते आहे. मी बायकोजवळ तसं कौतुकाने बोललोही. बायको हसून पिशव्या आवळायला लागली. ती याच मुलखातल्या खेड्यातली आहे, तिला कळलं होतं.

मला कळलं मामाच्या घरी. चहा झाला, पाय धुऊन झाले, आणि आईने पिशवीत हात घालून डोक्याची बॅटरी काढली. मामाच्या कपाळी बांधली. म्हणाली, "डुकरं येतेत म्हने धानात. दोन्ही हात मोकळे राहतेत ह्याच्यानं. एका हातात काठी धर, एका हातात बिडी."

पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आमच्याकडचा नियम. मी बाजेवर मांडला होता तो प्रवासाचा सरंजाम, आणि आई निवडत होती आहेर. मी दोन तास गळा ताणून जे समजावलं ते तिने मन लावून ऐकलं होतं, फक्त वेगळ्या कामासाठी. मामाने संध्याकाळपर्यंत बॅटरी काढली नाही. मंडईत भर उजेडात ती कपाळावर लावून हिंडला, आणि ओळखीचं कोणी भेटलं की बटण दाबून रामराम घालत होता.

मी आईला बाजूला घेऊन म्हटलं की माझ्या वस्तू अशा वाटू नये. तिने ऐकू न आल्याची खूण केली. डबी पिशवीतच होती. ऐकू न येण्याचे फायदे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत.

पुढे तेच झालं. आरमोरीची मामेबहीण आठवडी बाजारात सुकी मासोळी विकते, ओरडून तिचा घसा बसतो. तिला स्पीकर मिळाला. तिने त्यात आपला आवाज भरला आणि स्वतः मासोळीच्या टोपल्यामागे निवांत बसून राहिली. तिच्या जावेच्या घरी भिंतीत एकच प्लग होता आणि त्यावरून सासू-सुनेचं वाजत होतं. तिथे एक्स्टेन्शन बोर्ड गेला. आई हे असं चोख करत होती की सल्लागार कंपनीनेही शिकावं. पुस्तकांचं यंत्रही तिने एका घरी काढलं. घरच्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं, त्यात गाणी वाजत नाहीत आणि चित्रं रंगीत दिसत नाहीत हे कळल्यावर अत्यंत आदराने परत केलं. माझी शेकडो पुस्तकं फुकटही कोणी घेईना.

प्रत्येक घरून निघताना नवे तांदूळ मात्र मिळत गेले. पिशवीतली यंत्रं कमी होत होती आणि वजन वाढत होतं. उरली पॉवर बँक. ती मी तांदळाच्या तळाशी पुरून ठेवली. मावशीच्या गावात वीज आली तर आली असते, आणि डबी चार्ज झाली नाही तर एवढा प्रवास पुन्हा 'काय?' आणि 'काय?' यावर संपणार. आलापल्लीला ज्यांच्याकडे थांबलो त्यांच्या मुलाचा फोन सारखा बंद पडायचा. आईची नजर पिशवीकडे वळली.

"आई, हे नाही," मी तिच्या कानाशी ओरडलो. "हे तुझ्या कानाचं आहे."

आख्ख्या घराने वळून पाहिलं. आईने त्या मुलाला तांदूळ दिले.

मावशीच्या गावी पोचलो तेव्हा वीज नव्हतीच. कुठेतरी तारेवर झाड पडलं होतं. मी तांदूळ उपसून पॉवर बँक काढली, डबी तिला जोडली, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. दोघी बहिणी तोवर अंगणात एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. मावशी मधूनच आईच्या दंडाचं मांस चिमटीत धरून पाहत होती, वाळली म्हणून. शेजारची एक गोंड बाई 'जोहार' म्हणून आली, जरा वेळ या दोघींकडे पाहून परत गेली.

मी डबी आणून दिली. आईने ती उघडली. डावं यंत्र आपल्या कानात घातलं. उजवं उचललं, त्याच्यावर बोट फिरवलं आणि मावशीच्या कानात घालायला लागली.

मी मध्ये पडलो. ही मशीन तुझ्या कानाच्या आलेखावर बनवली आहे, दुसऱ्याच्या कानात चालायची नाही, डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे, असं बरंच काही मी बोललो. आईला आता एका कानाने ऐकू येत होतं, त्यामुळे सोंग घेण्याची सोय नव्हती.

"एका आईच्या पोटच्या हाओत आमी," ती म्हणाली. "कान काय येगळे राहतीन?"

विज्ञान याच्याशी सहमत नसावं. पण मावशी एकदम दचकली, आणि तिने अंगणातल्या कोंबड्याकडे पाहिलं.

"हा येवढा वरडते?" तिने विचारलं.

आई हसली. मावशीने तिच्याकडे मान वळवली. "अन् तू येवढ्या उशिरा काऊन आली वो बाई?"

एवढ्या वर्षांचं बोलायचं साठलेलं. मी आणि बायको भिंतीला टेकून उभे होतो. आईने बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. मग म्हणाली, "बोलाचं लय होतं. आता आठवून नाई राह्यलं. तू आंधी च्या मांड."

चहा उकळेपर्यंत आठवलं. माहेरच्या विहिरीवरून सुरुवात झाली, मग कुणाच्या तरी लग्नात कुणी रुसलं होतं, आणि रुसलेली व्यक्ती कोण यावर भांडण पेटलं. आईचं यंत्र डाव्या कानात, मावशीचं उजव्या. त्यामुळे आईच्या डाव्या हाताला मावशी बसल्याशिवाय ऐकू जायचं नाही. दोघींनी ती जागा आपोआप शोधली आणि सोडली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तांत्रिक अडचण मांडली. यंत्रं दोन असली तरी डबी एक आहे. रोज दोन्ही तिच्यात ठेवावी लागतात. डबी नेली तर मावशीचं बंद पडेल, ठेवली तर आईचं. दोघींनी आपापला कान माझ्याकडे करून हे ऐकून घेतलं. कारखानदाराने दोन बहिणींचा विचारच केलेला नव्हता.

"मंग मी राहतो इथी," आई म्हणाली.

किती दिवस, हे मी विचारलं. मावशी म्हणाली, "तुले काय कराचं हाये? धान निंगू दे, मोहफुलं पडू दे, मंग पाहू." मोहफुलं उन्हाळ्याच्या तोंडावर पडतात. मावसभाऊ मान डोलावत होता. अहवाल देण्याच्या कामातून तोही सुटत होता.

सकाळी बस गावाच्या फाट्यावर येते. पिशव्या उचलल्या. पॉवर बँक अर्थातच तिथेच राहिली. आम्ही अंगणात गेलो तेव्हा रुसलेल्या व्यक्तीचा निकाल अजून लागायचा होता. बायको आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "येतो, आई." आईने पाहिलंही नाही. बायको तिच्या उजव्या अंगाला उभी होती. मग ती वळसा घालून डावीकडे गेली आणि दोघींच्या मध्ये वाकून पुन्हा म्हणाली.

"हो, जा ना," आई म्हणाली. "अन् जरा बाजूले सरक वो, ती काय म्हनते ते आयकू दे."