हिराचं मागचं बाळंतपण

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली... आजही उडवते. हे वाचून मैत्रिणींना हसायचं तर त्यांनी खुशाल हसावं.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. पुण्यात नर्सिंग शिकून मी अलिबागजवळच्या एका लहान दवाखान्यात लागले होते. चार महिन्यांतच काम नकोसं झालं. डॉक्टर समोर नसले की हात कापायचे. साधी पट्टी बांधली तरी त्यांना दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. महिनाअखेरीस नोकरी सोडून घरी जायचं, असं मी पक्कं केलं होतं.

एका दुपारी थळच्या कोळणींनी हिराला डोलीतून आणलं. बाळ पायाळू होतं आणि डॉक्टर नेमके रेवसला गेलेले. मी तिच्या सासूला म्हटलं, "डॉक्टर येईपर्यंत थांबू या."

हिरानं माझं मनगट धरलं. तिथं भाजल्याचा जुना डाग आहे.

"डाक्टर कशाला? मागल्या खेपेला, दोन वर्सांमागं, तुमीच मोकळी केलीत ना मना. पोरगीबी पायाळूच व्हती."

"ती मी नव्हे."

"तुमीच. सासू पाय ओढाया लागली, तर तिच्यावर वरडलात... ओढू नको, येऊ दे."

सासूनं मान डोलावली. "व्हय बाय. ह्योच डाग."

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात होते — थळ पाहिलंसुद्धा नव्हतं. पण वाद घालायला वेळ कुठला, पाय दिसू लागले होते. आणि खरं सांगते, माझे हात ओढायलाच पुढे झाले होते! भीतीनं शिकलेलं सगळं विसरले होते. मी हात मागे घेतले, हिराला जोर करू दिला. खांदे मोकळे झाल्यावर बाळाला अलगद वर उचललं... आणि मुलगा रडला. चांगला खणखणीत रडला. माझा हात जराही हलत नव्हता. एवढा आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "कोणी केलं?"

"मी," म्हटलं. नोकरी सोडायचा विषय मी पुन्हा काढला नाही. पुढं तेवीस वर्षं तिथंच राहिले, आणि पायाळू बाळंतपण आलं की डॉक्टरच मला बोलवायचे.

नंतर थळला जाऊन मी चौकशी केली. चार घरांत तेच ऐकलं — ओहोटीला वाळूवरून एकटी नर्स आली, काम झाल्यावर चहासुद्धा न घेता गेली. तेव्हा आमच्या दवाखान्यात नर्सच नव्हती. ती कोण, हे मला आजवर उमगलेलं नाही.

थळच्या म्हाताऱ्या अजून विचारतात, "हिराची दोनी पोरं तुमीच काढलीत ना?"

आधी मी नाही म्हणायचे. आता व्हय म्हणते.