नाग, काठी आणि टोपी घातलेला विळा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या वस्तीवरच्या चिंचेवर हडळ आहे असं सगळे म्हणायचे, आणि मी तिच्याच खाली बसून पदरभर चिंचा खाल्ल्या. हडळ काही आली नाही, दात मात्र आंबले. तुमच्या मासिकातले अनुभव नातू मला वाचून दाखवतो. पांढरी साडी, उलटे पाय, आणि मी हसून हसून बेजार होते. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली, आणि तिच्यात उलटं काहीच नव्हतं. होता एक ट्रॅक्टर. दिवसाढवळ्या, भर उन्हात.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यानंतर चौदा वर्षांनी, म्हणजे मी सतरा वर्षांची असतानाची ही गोष्ट. वैजापूरपासून चार कोसांवर आमची वस्ती. वस्तीपासून कोसभर गेलं की ओढ्यावर दगडी मोरी आणि मोरीच्या अलीकडं तीन कडुलिंब. जागा अजून आहे, कडुलिंब मात्र आता एकच उरलाय.

सतराव्या वर्षी मी कशी होते म्हणाल तर... चौथी पास. अख्ख्या वस्तीत शिकलेली बाई मी एकटीच, त्यामुळं नाक कायम वर. पहिला मुलगा सुभाष दहा महिन्यांचा. चैत्रातली दुपार होती, आणि पोराला सकाळपासून ताप. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगारा लावून बसल्या होत्या. हे, म्हणजे आमचे मालक, बैलगाडीत कांदा भरून पहाटेच वैजापूरच्या बाजाराला गेलेले. दुपारी पोरानं डोळे फिरवले नि त्याला झटके यायला लागले. मी त्याला फडक्यात गुंडाळलं आणि निघाले पायी. आत्याबाई मागून ओरडत होत्या, पण चौथी पास बाई कुणाचं ऐकते थोडीच.

मोरीपर्यंत गेले आणि पायातलं बळ सरलं. चार कोस काय असतात हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं. कडुलिंबाखाली बसले. पोर हातात नुसतं लाकडासारखं झालेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेव्हा गावाकडून ट्रॅक्टर आला.

त्या काळी आमच्याकडं ट्रॅक्टर म्हणजे सर्कशीतला हत्ती. तालुक्यात मोजून तीन, आणि आमच्या बाजूला एकही नाही. मी हात केला, तो थांबला. ड्रायव्हरचं डोकं ताजं भादरलेलं, कानामागं वस्तऱ्याचा काप, त्यावर रक्त सुकलेलं. म्हणजे आजच कुणाचा तरी दहावा करून आलेला. आई नाहीतर बाप गेला असणार. तोंडाला उपरणं बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते, तेही लाल. मी त्याचं तोंड निरखायला गेले नाही. परक्या माणसाचं तोंड बघायचं नसतं एवढी अक्कल होती. ट्रॅक्टर मात्र डोळे भरून बघितला. पोर मरायला टेकलंय आणि ही भवानी ट्रॅक्टर बघतेय...

लाल बॉनेट. पुढचे दोन्ही दिवे जाळीच्या आत बसवलेले, त्यातल्या डाव्याची काच फुटलेली. बॉनेटच्या बाजूला इंग्रजी आकडे. मला इंग्रजी आकडे येत नव्हते, म्हणून आकार ध्यानात ठेवले. आधी फणा काढलेला नाग, मग काठी, मग टोपी घातलेला विळा. मी बसले डाव्या मडगार्डवर. तिथं पांढऱ्या रंगात हाताचा पंजा उमटलेला होता. गचक्यात तोल जायला लागला तेव्हा मी त्याच पंजावर हात टेकला, आणि तो माझ्या हाताला नेमका बसला. फक्त त्याची करंगळी अर्धी होती.

वाटेत मी त्या माणसाला काय म्हटलं? उपकार झाले म्हटलं? छे. "नीट चालव की मेल्या, पोर मरंल माझं." एवढंच. तो काही बोलला नाही. मला वाटलं, बहिरा आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोराला सुई टोचली, ओल्या फडक्यात ठेवलं. बाहेर येऊन बघते तर हे बाजारातून धापा टाकत आलेले. तुझी बायको ट्रॅक्टरवर बसून गेली, असं कुणीतरी सांगितलं होतं. ह्यांना वाटलं थट्टाच. तो टकल्या अजून तिथंच उभा, ह्यांच्याकडं एकटक बघत, आणि डोळ्यांतून धारा. ह्यांनी काय करावं? स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "घे, डोकं भाजंल तुझं," म्हणाले.

माझ्या बापानं लग्नात जावयाला दिलेली टोपी हो. काठ उसवला तेव्हा पांढरा दोरा नव्हता, म्हणून मी तांबड्या दोऱ्यानं शिवलेली. गोधडीसारखे हे मोठाले टाके. टोपी गेलेली बघून माझा जीव असा काही खवळला... मी ह्यांची बाही धरली आणि ओढतच आत नेलं. "चला आत, काय त्या टकल्याशी बोलत बसलात."

परत बाहेर आलो तर ट्रॅक्टर नव्हता.

सुभाष वाचला. मग ह्यांनी त्या माणसाचा शोध घेतला, नारळ द्यायचा म्हणून. तालुक्यातले तिन्ही ट्रॅक्टर मला दाखवून झाले. एकाचेही दिवे जाळीत नाहीत, सगळ्यांचे दांड्यांवर बाहेर, खेकड्याच्या डोळ्यांसारखे. वैजापूरच्या एका फिटरला ह्यांनी घरी आणलं. मी कोळशानं भिंतीवर चित्र काढून दाखवलं, नाग-काठी-विळ्यासकट. "वहिनी, असं मॉडेल निघालंच नाय अजून. दिवे कुणी जाळीत घालतं व्हय?" आत्याबाई तिरकस हसल्या. सून कुणा परक्याच्या ट्रॅक्टरवर बसून गेली आणि आता त्या ट्रॅक्टरचाच पत्ता नाही, याचा त्यांनी काय अर्थ काढला ते मी इथं लिहीत नाही. पोरांपुढं ती गोष्ट काढायची नाही, असा हुकूम सुटला. मीही हट्टी. भिंत सारवायची वेळ आली की चित्र नव्यानं काढायचे.

पंधरा वर्षं गेली. पाण्याची सोय झाली, ऊस आला, आणि ह्यांनी ट्रॅक्टर बुक केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. ट्रॅक्टर दारात आला तो बॉनेटवर चादर घालून. पूजा झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही म्हणे, नव्या नवरीसारखं. मी कुंकवाचं ताट घेऊन उभी. चादर वाऱ्यानं जराशी हलली, लाल पत्रा दिसला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दिवे जाळीत असतील. बाजूला नाग, काठी, विळा."

चादर काढली. सुभाष मॅट्रिकला होता, तो म्हणाला, "आई, त्याला टू वन फाइव्ह म्हणतात."

सगळे टाळ्या पिटत होते. मी ताट खाली ठेवलं. ह्यांनाही चित्र आठवत होतं, पण ते म्हणाले, कंपनी असले हजारांनी काढते, तू कुठंतरी फोटो बघितला असशील. मीही मनाची समजूत घातली. डावा दिवा तर धड आहे. मडगार्ड कोरं आहे. हा तो नव्हे.

दुसऱ्या वर्षी बैलानं शिंग मारून डावा दिवा फोडला. मी ह्यांच्या मागं लागून त्याच दिवशी नवी काच बसवायला लावली. हायसं वाटलं. महिन्याभरात तीही फुटली.

त्यानंतर तीन वर्षांनी कडबा कापायच्या यंत्रात माझी डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली. बोट तुटल्याचं मला फार दुखलं नाही, खरं सांगते. फडकं बांधताना हाताकडं बघितलं आणि मडगार्डवरचा तो पंजा आठवला. तेव्हापासून मी त्या मडगार्डला हात लावला नाही. गाडीवर बसायचं तर उजव्या बाजूनं. लोकांना वाटायचं, म्हातारी होण्याआधीच वेडी झाली.

आमच्याकडं पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरलाही रंगवतात, ओवाळतात. त्या वर्षी ह्यांनी मडगार्डला पांढरा पट्टा ओढला होता. घरची बाई म्हणून ओवाळायचा मान माझा. मी चांगली लांब उभी राहून ओवाळत होते. पण बैलाच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा अडकला, बैल बिथरून माझ्या अंगावर आला, आणि मी मागं झाले ती ओल्या रंगात डावा हात टेकूनच. सगळं अंगण हसलं. मी रॉकेलची चिंधी घेऊन धावले तर ह्यांनी माझा हात धरला. "राहू दे. घरच्या लक्ष्मीचा पंजा हाय."

रात्रभर नव्हे, पुढं अकरा वर्षं मी एकच गोष्ट मनात घोळवत राहिले. ट्रॅक्टर तोच. दिवा तसाच फुटलेला. पंजा आला. आता राहिला होता फक्त डोकं भादरलेला ड्रायव्हर. आमच्या घरात ट्रॅक्टर चालवायचा सुभाष. आणि सुभाष डोकं भादरणार म्हणजे आमच्या दोघांपैकी एकजण जाणार.

ह्यांना सांगितलं. ट्रॅक्टर विका म्हटलं, दोन दिवस जेवले नाही. हे म्हणाले, "दोघांतलं एक आधी जायचंच की गं. त्याला ट्रॅक्टर काय करणार?" मी देवाला म्हटलं, मला ने. मग आठवलं, ह्यांना चहासुद्धा करता येत नाही, म्हणून म्हटलं, बरं थांब जरा. असा माझा भक्तिभाव.

हे चैत्रात गेले. शेतातून आले, पाणी प्यायले, छातीत कळ आली. औरंगाबादला नेत होतो, तेव्हा औरंगाबादच होतं ते, अर्ध्या वाटेपर्यंतही पोचलो नाही.

दहाव्याला पुरुषमंडळी ट्रॅक्टरला ट्रॉली लावून गोदाकाठी गेली. मला कळत होतं काय होणार आहे ते, आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून बसून होते. अडवायला आता उरलंच काय होतं? दुपारी सगळे जीपनं परत आले. ट्रॉलीचं चाक बसलं, ती नदीवरच ठेवली, सुभाष नुसता ट्रॅक्टर घेऊन मागून येतोय म्हणाले. वस्तीवर आला, पण घरी न थांबता तसाच पुढं गेला, असं कुणीतरी पाहिलं. त्याला जरा एकटं राहू द्या, असं सगळ्यांनी ठरवलं.

तो आला दिवस कलताना. ओसरीवर माझ्या शेजारी बसला. कानामागं वस्तऱ्याचा काप.

"आई," म्हणाला, "मोरीपाशी एक पोरगी भेटली. एवढीशी. कडेला पोर, पार आचके देत होतं. वैजापूरला दवाखान्यात सोडून आलो. रस्ता सगळा उखडून ठेवलाय गं, डांबराचं नाव नाय." मग म्हणाला, "पोरगी लई कजाग. मला मेल्या म्हणाली. आजच्या दिवशी."

मी पदराचं टोक ओलं करून त्याच्या कानामागचं सुकलेलं रक्त पुसलं.

"तिचा मालक आला पळत. आई, हुबेहूब आपले अण्णा. चालणं, उभं राहणं... मला काय सुचंना, मी नुसता रडत बघत राहिलो. त्याच्याशी बोलणार होतो, पण तिनं बाही धरून आत नेला त्याला." मग त्यानं खिशातून टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "ही दिली त्यानं. परत करायची राहिली."

पांढरी टोपी. काठाला तांबडे टाके, गोधडीसारखे.

"ते पोरगं वाचलं असंल का गं?" सुभाषनं विचारलं.

"वाचलं," मी म्हटलं.

"तुला काय ठावं?"

मी त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते.

आता मी ऐंशीची आहे, सुभाषबरोबर शहरात राहते. ट्रॅक्टर भंगारात गेला. नातू वाळूजला इंजिनिअर आहे, हे सगळं त्यानंच टाइप केलं. तो म्हणतो, आजी, तू नंतर पाहिलेला ट्रॅक्टर आधीच्या आठवणीत नेऊन बसवलास, मेंदू असं करतो. करत असेल. मी ट्रंकेतली टोपी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं टाके बघितले आणि पुढं टाइप करायला लागला. उत्तर त्याच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणाकडं असेल तर कळवा, पण हडळ-बिडळ सांगू नका.

सुभाषला मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि तो मासिकं वाचत नाही. सांगितलं तर त्याला कळेल की बाप गेल्यावर दहाव्या दिवशी बाप समोर उभा होता, आणि दोघांना धड चार शब्द बोलता आले नाहीत. का आले नाहीत, तेही कळेल. सतरा वर्षांची एक चौथी पास बाई टोपीसाठी खवळली होती. ती बाही अजून माझ्या मुठीत आहे असं वाटतं कधीकधी... सोडावीशी वाटते, आणि सोडता येत नाही.