संडासाची कडी

ऐंशी सालच्या आसपास, लग्नानंतर, आम्ही पिपरी मेघेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालक म्हणजे माझ्या नवऱ्याचे दूरचे मामा. मागच्या अंगणात संडास एकच, त्यांचा आणि आमचा मिळून, आणि त्याची आतली कडी उखडलेली. आत कुणी आहे हे कळावं म्हणून दारावर टॉवेल टांगायचा, अशी तिथली रीत. मामा आत गेले की खणखणीत आवाजात भजन म्हणत, त्यांचं कडीवाचून काही अडत नसे. मी मात्र एका हातानं दार दाबून धरून बसायची.

नवरा वर्ध्याला कोर्टात कारकून. घर भाड्यानं दिलं की कडी-कोयंडा, नळ, मोरी धड ठेवणं कायद्यानं मालकाचंच काम, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगे. मी म्हटलं, मग मामांना सांगा. तर म्हणाला, "मामाले कायदा शिकवू का आता? लोकं काय म्हणतीन?" शेवटी मीच मामींच्या कानावर घातलं. "पाहू ना, दिवाळी होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. आम्ही स्वतः कडी आणून ठोकली असती तर म्हणे मामांचा अपमान झाला असता! दिवाळी झाली, कडी काही लागली नाही.

त्या थंडीत आष्टीहून माझी आई राहायला आली. टॉवेलाचं मी तिला बजावलं, तर ती लाजली. "टावेल टांगून साऱ्यायले सांगू का, मी आत आहो म्हणून?" सकाळी ती तशीच गेली. मामांनी बाहेरून दार ढकलून उघडलं.

आई घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "मले बसस्टँडवर नेऊन दे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचा संसार बघायला आलेली बाई, आणि मी तिला एक धड दार देऊ शकले नव्हते.

तिला बसमध्ये बसवून मी परत आले, आणि त्याच दिवशी दुपारी सुतार येऊन कडी लावून गेला. मामा कितीतरी दिवस आमच्यासमोर आले नाहीत.

आई पुढेही यायची, पण सकाळच्या बसनं येऊन दुपारी परत. आमच्याकडे चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. "जुन्या वळणाची बाई, लेकीच्या घरचं पाणी नाई पीत," मामी कौतुकानं सांगत. मी मान डोलवायची. तिला फक्त त्या अंगणात जायची वेळ येऊ द्यायची नव्हती. आणि कडी केव्हाच लागली आहे, हे तिला सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.