टपालाचा घोडा

माझ्याकडे राहायला आलेल्या आईला अमेरिकेत एकच मैत्रीण मिळाली, तीही चिनी. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आई, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता.

या चिनी मावशी जन्मवेळेवरून भविष्य सांगतात हे कळल्यावर आईने माझी वेळ मिनिटासकट पुढे केली. एरवी तिला वायफायचा पासवर्ड आठवत नाही. मावशींनी बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत हिशोब सुरू केला आणि आईचा विश्वास तिथेच बसला. पेरांवर मोजणारी बाई थापा मारत नाही, असं तिचं ठाम मत.

तिला जाणून घ्यायचं होतं एवढंच, की मी भारतात परत येणार की नाही. तिच्या मनातलं मला ठाऊक होतं, म्हणून मी खिडकीतून पार्किंग लॉट बघत होते.

मावशींचं बोलणं मैत्रीण मला इंग्रजीत सांगायची, मी ते आईला मराठीत. जुन्या काळी निरोप पोचवायला वाटेत ठिकठिकाणी टपालाचे घोडे ठेवलेले असत. तसा एखादा घोडा म्हणे काहींच्या जन्मवेळेत सापडतो. तो असला की माणूस भटकतो. त्यात वाईट काही नाही. उलट तो घोडा फार दिवस बांधून ठेवला तर माणूसच आजारी पडतो.

"हिच्यात दोन-चार तरी असतील," आई म्हणाली. "लहानपणापासून पायाला भिंगरी."

मावशींनी पुन्हा मोजलं. माझ्यात घोडा नव्हताच. ही आता बसलीय तिथेच मुळं धरेल, म्हणाल्या. मला रागच आला. पुणं, पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज नावाचं गाव, नोव्हाय एवढी वणवण करून मी शेवटी कुंडीतलं झाड निघाले होते.

हे आईला सांगणं जिवावर आलं. मी गुळमुळीत करून सांगितलं, तरी तिला कळायचं ते कळलं. मग तिने स्वतःची जन्मवेळ सांगितली. मावशी मोजता मोजता हसायलाच लागल्या. घोडा होता, आणि चांगला उधळलेला होता.

"कसं शक्य आहे?" मी म्हटलं. "नाशिकला जायचं म्हटलं तरी हिचं आदल्या दिवशी पोट बिघडतं."

घरी येताना आई म्हणाली, "गुडघे चालतायत तोवर मी येत जाईन. पुढे मात्र तुलाच यावं लागेल, घोडा असो नसो."

मी हो म्हटलं. तिने विश्वास बसल्यासारखं केलं.