फोटोतून पुसलेली माणसं

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे ते म्हातारे गृहस्थ फार हळू बोलायचे आणि गिऱ्हाइकाला कधीच नावाने हाक मारायचे नाहीत. त्यांच्या देशात क्रांतिकारी पक्षाने यादवी युद्ध जिंकलं, तेव्हा ते पक्षाचे फोटोग्राफर होते.

"विजयाच्या फोटोत सगळे नेते होते," ते एकदा मला म्हणाले. "नंतर पक्षाने त्यातल्या एकेकाला पकडून नेलं. नेलं, की मी त्याला फोटोतून पुसायचो."

"शेवटी कोण उरलं?"

"एकच. तोच अजून राज्य करतोय."

ब्रायटनच्या किनाऱ्यावरचा आमचा फॅमिली फोटो पाकिटात घालता घालता ते थांबले. माझ्या बायकोच्या चेहऱ्यावरून त्यांनी हलकेच अंगठा फिरवला आणि कौतुकाने म्हणाले, "हिला काढणं सोपं गेलं असतं. मागे नुसतं आकाश आहे."