डोमाजीची टाच

डोमाजी ट्रॅक्टरवर बसण्याआधी चपला काढायचा. हिवाळ्याच्या सकाळी दव पायाला झोंबत असताना हा माणूस अनवाणी वावरभर हिंडायचा, चार पावलांवर थांबून डावी टाच मातीत दाबायचा आणि मगच चावी फिरवायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "पायाले इचारल्याशिवाय चाक नाई टाकाचं. चाकाले जीव नाई, पायाले हाये."

आर्वीजवळच्या आमच्या शेतावर तो आधी बैल हाकायचा. बैल गेले. मग माझ्या मुलाने, विलासने, संत्र्याच्या ओळींमधून जाईल असा लहान ट्रॅक्टर घेतला. डोमाजीच तो चालवायला शिकला. चढ आला की इंजिनाला "हो राजा, हो" म्हणायचा.

"डोमाजी, ते लोखंड हाये," मी म्हणायची.

"राबते ना वैनी? मंग झालं."

एका हिवाळ्यात कालवा फुटून पाणी खालच्या वावरात शिरलं. गव्हाची पेरणी आधीच लांबलेली. काळ्या मातीत ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवरच फिरायची आणि खोल रुतायची. चिखलात पकड यावी म्हणून चाकांना साखळ्या बांधायच्या ठरल्या. डोमाजीने सुतळीने चाकाचा घेर मापला, गाठ मारली आणि ती सुतळी खिशात घालून आर्वीला गेला. संध्याकाळी रिकामाच आला.

"मोठ्या ट्रॅक्टरच्याच हायेत. दुकानदार म्हणे, कापून देतो. म्या नाई म्हटलं. ढिली साखळी चाकाले नाई धरत, मानसाले धरते. आपल्या मापाच्या वर्ध्यावरून येतीन, आठ रोजानं."

"आठ रोज?" मी म्हटलं. "गहू का उन्हाळ्यात पेरतं?"

गोठ्यात आमच्या बैलांच्या दोन साखळ्या खुंटीला टांगलेल्या होत्या. पोळ्याला डोमाजी त्यांना अजून हळद-कुंकू लावायचा. मी त्या काढून त्याच्यापुढे टाकल्या.

त्याने एकेक कडी बोटाने चाचपली. एक कडी झिजून तारेने जोडलेली होती, ती मला दाखवली. "वैनी, हे साखळी बैलाले थांबवाची हाये. चालवाची नाई."

"लोखंड ते लोखंड. भीत असशीन तर सांग, दुसरा पाहाते."

हे मी म्हणायला नको होतं. वीस वर्षं राबलेल्या माणसाला असं म्हटल्यावर तो काय करणार? त्याने गुमान साखळ्या बांधल्या.

दोन तास नीट गेले. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून मनात म्हणतही होते, पाहा, माझंच खरं. मग चढावर ती तारेची कडी तुटली. लहान ट्रॅक्टर, चाक पायापासून हातभर. सुटलेलं टोक फिरून त्याच्या डाव्या पायावर बसलं.

सावंगीच्या दवाखान्यात पाय वाचला, पण टाचेतली जाणीव गेली. विलास बाहेरगावाहून थेट तिथे आला तो डोमाजीवर भडकला. "काका, बैलाच्या साखळ्या चाकाले कोन बांधते? तुमाले एवढंबी समजत नाई?"

मी खाटेजवळ चहाची किटली घेऊन उभी होते. डोमाजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "चुकलं बापू. घाई झाली मले." मी कपात चहा ओतला. तोंडाची फटकळ म्हणून गावात माझं नाव. त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो काठी टेकत वावरात आला. मापाच्या साखळ्या तोवर आल्या होत्या, त्याच्याच सुतळीवरून करून घेतलेल्या. ट्रॅक्टर आता दुसरा माणूस चालवायचा. डोमाजीने चपला काढल्या, टाच दाबली, पुन्हा दाबली. मग मला म्हणाला, "वैनी, मले काई समजून नाई राह्यलं. तुमीच पाहा बरं."

मी चपला काढल्या. माती थंडगार होती. टाच दाबली तर आत पाणी लागलं.

"ओली हाये," मी म्हटलं.

"मंग लावा साखळ्या," तो म्हणाला आणि धुऱ्यावर जाऊन बसला.

तेव्हा तरी सांगायचं होतं. आम्ही दोघंच होतो. नाही सांगितलं. पुढे पाच-सहा वर्षांनी तो तापाने गेला. मयतीलाही विलास चार लोकांत बोलला, "मानूस चांगला, पन घाईचा." मी ते ऐकून घेतलं.

डोमाजी घाईचा नव्हता. घाई माझी होती. विलास, साखळ्या मी बांधायला लावल्या.